20 मेल पाठवले, उत्तर एकच आलं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र लांब होतं, त्यातलं मुख्य तेवढं देते:

“ताई, डिसेंबरपासून आमचं 20 आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग आहे. कॉलेज मदत करतं, पण स्वतःही प्रयत्न करा म्हणाले. मी गोव्यातल्या 20 हॉटेलांना मेल केला, सोबत जोडलाय. एकाच ठिकाणाहून ‘कळवतो’ असं आलं, त्यालाही महिना झाला. वर्गातल्या दोघांचं ओळखीने झालंसुद्धा. एक माणूस म्हणतो, 15 हजार दे, मोठ्या फाइव्ह स्टारमध्ये नक्की लावून देतो. आमच्या घरचं कोणीच हॉटेल लाइनमध्ये नाही. बाबा म्हणतात, रात्रपाळी असेल तर नको. आणि आमच्या घरात बीफ-पोर्क शिजत नाही, किचनमध्ये तेच करायला लावलं तर काय करू? मोठ्या नावाचं हॉटेल नाही मिळालं तर पुढे नोकरी मिळत नाही, हे खरं का?”

बाय,

आधी त्या 15 हजारांचं, कारण बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे चालणार नाही. एक रुपयासुद्धा देऊ नकोस. ट्रेनीला घ्यायचे पैसे हॉटेल घेत नाही. उलट ड्यूटीवरचं जेवण आणि युनिफॉर्म हॉटेल देतं, बऱ्याच ठिकाणी थोडाफार स्टायपेंडही मिळतो. हा माणूस दोनांतलं एक करणार. एक तर पैसे घेऊन फोन बंद करील. नाहीतर जिथे तू फुकट अर्ज करू शकतेस तिथेच तुझा बायोडेटा पाठवील, तुझं तुझ्या गुणांवर झालं तर पैसे ठेवून घेईल आणि नाही झालं तर तारखा देत राहील. त्याने कन्फर्मेशन लेटर दाखवलं तर ते कुठल्या मेलवरून आलंय ते बघ. हॉटेलच्या स्वतःच्या पत्त्याऐवजी साध्या जीमेलवरून आलेलं असेल, तर हॉटेलच्या बोर्ड नंबरवर, म्हणजे मुख्य फोनवर, फोन लावून एचआरला सरळ विचार, असं पत्र तुम्ही दिलंय का. आणि कॉलेजमध्ये प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडमच्या कानावर हे आजच घाल. तो तुझ्या एकटीच्याच मागे लागलेला नसणार.

आता तुझा मेल. मी तो नीट वाचला. 20 हॉटेलांचे पत्ते एकाच ओळीत, सगळ्यांना सगळे दिसतील असे. त्यातले 11 पत्ते रिझर्व्हेशनचे. विषयाच्या जागी फक्त ‘इंटर्नशिप’. आत दीड पान, त्यात पर्यटन क्षेत्राचं महत्त्व, अतिथी देवो भव, आणि तुझी आवड. कधीपासून कधीपर्यंत यायचंय ते कुठेच नाही.

हे तुला दुखवायला सांगत नाही. मी 26 वर्षं गोव्यातल्या हॉटेलांत काढली, आधी हाउसकीपिंगमध्ये, शेवटची 9 वर्षं ट्रेनिंग विभागात, आणि रोज सकाळी असे मेल उघडले. तुझ्यासारख्या चांगल्या मुलींचे मेल मी वाचू शकले नाही, कारण ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. रिझर्व्हेशनवाला खोल्या विकतो. त्याच्यापुढे सकाळी शेकडो मेल असतात, त्यातला तुझा तो पुढे ढकलील ही आशा धरू नकोस.

ट्रेनींचं काम एचआर बघतं. मोठ्या हॉटेलात त्यातही एल अँड डी, म्हणजे लर्निंग अँड डेव्हलपमेंटचा मॅनेजर असतो, तो तुझा माणूस. लहान हॉटेलात एचआरचा एखादा एक्झिक्युटिव्हच सगळं करतो. त्याचं नाव कसं मिळवायचं? हॉटेलचा बोर्ड नंबर लाव. ऑपरेटर उचलील. म्हण, “मी हॉटेल मॅनेजमेंटची विद्यार्थिनी, ट्रेनींचं कोण बघतं, त्यांचं नाव आणि मेल मिळेल का?” दुपारी 3 ते 5च्या मध्ये कर. सकाळी चेकआऊटची घाई असते, दुपारी 2च्या सुमाराला चेक-इनची, आणि महिनाअखेरीला एचआर पगारात बुडालेलं असतं. माझ्या अनुभवात दहातले सात ऑपरेटर नाव देतात. जो देत नाही त्याच्यावर रागवू नकोस, ‘एचआरला जोडता का’ एवढंच विचार.

मेल सहा-सात ओळींचा लिही, एका हॉटेलला एक. विषयाच्या ओळीतच कॉलेजचं नाव, ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ आणि तारखा असू देत. आत: दुसरं वर्ष, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत 20 आठवडे, किचन, एफ अँड बी सर्व्हिस (म्हणजे खाणंपिणं वाढायचा विभाग), फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग या चारही विभागांत काम करायचंय, राहायची सोय लागेल, आणि कॉलेजच्या समन्वयक मॅडमचा फोन. सोबत एकच पीडीएफ: एक पानी बायोडेटा आणि मागे कॉलेजचं इंट्रोडक्शन लेटर. फाइलला स्वतःचं नाव दे. ‘न्यू डॉक्युमेंट फायनल 2’ अशा नावाच्या फाइली माझ्याकडे डझनाने पडून असायच्या, कोण कुठली ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. बायोडेट्यात छंद म्हणून ‘संगीत ऐकणे’ लिहिलंस, त्याच्या जागी तू जत्रेला तीस-चाळीस माणसांचं जेवण आईबरोबर काढतेस ते लिही. पत्रात ते एका ओळीत सांगून पुढे गेलीस, पण मला तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त त्या ओळीनेच सांगितलं.

मग दहा दिवस थांब, आणि उत्तर नाही आलं तर स्वतः जा. श्रावण लागलाय, म्हणजे तू अगदी वेळेत आहेस. गोव्याचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, आणि नाताळ ते नवं वर्ष हे दहा दिवस त्याचा कळस. पावसात आता देशी पाहुणे येतात, 15 ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की हॉटेलं भरतात, तरी एरवीच्या मंगळवारी-बुधवारी एचआरच्या माणसाला तुझ्याशी दहा मिनिटं बोलायला सवड असते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की सीझनची भरती सुरू होते. ऑक्टोबरात तोच माणूस तुला खुर्चीसुद्धा देऊ शकणार नाही. शिवाय डिसेंबरच्या तुकडीत किती ट्रेनी घ्यायचे हे हॉटेल आधीच ठरवतं, आणि त्या जागांसाठी पुणे-मुंबई-बेळगावपासून दिल्लीपर्यंतच्या कॉलेजांची पत्रं आलेली असतात. माझ्या टेबलावर डिसेंबरची यादी सप्टेंबर संपेपर्यंत पक्की व्हायची.

लॉबीतून जाऊ नकोस. प्रत्येक हॉटेलला मागे किंवा बाजूला स्टाफ गेट असतं, तिथेच टाइम ऑफिस, म्हणजे स्टाफच्या हजेरीची खोली. सिक्युरिटीच्या वहीत नाव, वेळ, ‘कोणाला भेटायचंय’ या रकान्यात त्या मॅनेजरचं नाव लिही. नाव माहीत असलेल्या मुलीला आत फोन लावतात, ‘एचआर’ एवढंच लिहिणारीला बायोडेटा ठेवून जा म्हणतात. फिकट शर्ट, काळी पँट, काळे बंद बूट, केसांचा घट्ट अंबाडा, कानात एक बारीक टॉप, नखं कापलेली आणि बिनरंगाची. मेंदी बऱ्याच हॉटेलांच्या ग्रूमिंगच्या नियमांत बसत नाही, तेव्हा नागपंचमीची हातावर असेल तर ती उतरू दे, मग जा. आणि वाट बघताना फोन पिशवीत ठेव. गेटवरचा माणूस सगळं बघत असतो. आमच्याकडचे एक सिक्युरिटी काका मुलगी वर पाठवायच्या आधी मला फोनवर सांगायचे, “मॅडम, ही बरी दिसते, अर्धा तास उभी आहे, एकदाही विचारलं नाही किती वेळ.” ती मुलगी आज एका रिसॉर्टमध्ये एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर आहे.

ओळखीचं म्हणशील तर, तुझ्या वर्गातल्या त्या दोघांनी काही चोरलेलं नाही. एचआरला अनोळखी 50 बायोडेट्यांपेक्षा आपल्या शेफने सांगितलेली एक मुलगी जवळची वाटते, ते माणसाचं साहजिक आहे. तूही ओळख शोध, फक्त साहेबांची नको. सत्तरी आणि डिचोलीतली किती माणसं रोज किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जातात! लॉण्ड्रीत, बागकामात, स्टोअरमध्ये, सिक्युरिटीत. तुझ्या वाड्यावर विचार. लॉण्ड्रीतला सुपरवायझर तुला जागा देणार नाही, पण तिथे ट्रेनींना खरं काय करायला लावतात, हॉस्टेल कसं आहे, एल अँड डीला कोण आहे, हे तुला कुठल्याही वेबसाइटपेक्षा नीट सांगेल. कॉलेजच्या सिनिअरनाही फोन कर. मागच्या वर्षी जी मुलं तिथे होती त्यांना एवढंच विचार: “चारही विभाग मिळाले का?”

मोठ्या नावाबद्दलचं माझं सगळं उत्तर त्या एका प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

मी ट्रेनी होते तेव्हा मला एका नावाजलेल्या हॉटेलात जागा मिळाली. घरी पेढे वाटले. डिसेंबर होता, लग्नं आणि पार्ट्या एकामागून एक. मला बॅन्क्वेटला, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या जेवणावळी सांभाळणाऱ्या विभागात, टाकलं. मागच्या पॅन्ट्रीत स्टीलच्या बादलीत कढत पाणी, त्यात व्हिनेगर, आणि समोर टबभर काटे-चमचे. एक मूठ बुडवायची, सुती कपड्यात धरायची, दांड्यापासून टोकाकडे पुसायचं, उजेडात धरून बोटाचा ठसा राहिला का बघायचं, ट्रेमध्ये ठेवायचं, पुढची मूठ. पहिल्या दिवशी आवडलं. तिसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाली. सहा आठवडे मी तेच करत होते. विचारलं तर ‘सीझन आहे, पुढच्या आठवड्यात बघू’. फ्रंट ऑफिसला मी शेवटी पाच दिवस उभी राहिले. सर्टिफिकेट मात्र चार विभागांचं मिळालं, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला रूमिंग लिस्ट (ग्रुपमधल्या कोणाला कुठली खोली त्याची यादी) म्हणजे काय ते सांगता आलं नाही. नाव मोठं होतं म्हणून मुलाखतीला बोलावलं हे खरं. पण नोकरी त्या नावाने मिळाली नाही, ती सहा महिन्यांनी दुसरीकडे, लहान हॉटेलात मिळाली.

काटे पुसणं कमी प्रतीचं काम आहे असं मी म्हणत नाही. ते शिकायलाच हवं, आणि डिसेंबरात तुलाही करावं लागेल. पण ते शिकायला दोन दिवस लागतात. पुढचे चाळीस दिवस ते तुझं ट्रेनिंग राहत नाही, हॉटेलची माणसांची टंचाई तू फुकटात भरून काढत असतेस.

म्हणून कन्फर्मेशनच्या आधी विभागवार वेळापत्रक लेखी माग. 20 आठवडे, चार विभाग, म्हणजे प्रत्येकी पाचच्या आसपास. एचआरला विचार, “सर, कोणत्या तारखेला कोणता विभाग ते मेलवर मिळेल का? कॉलेजला द्यायचंय.” कॉलेजचं नाव घेतलं की मागणं उद्धट वाटत नाही, आणि ते खोटंही नाही. जे हॉटेल हे सहज देतं ते कुठल्याही तारांकित नावापेक्षा तुझ्या कामाचं. सीझनमध्ये एखादा आठवडा पुढे-मागे होईल, तेवढं सोसायचं. दोन आठवडे उलटले आणि बदली नाही झाली तर आधी एल अँड डीला तोंडी, मग कॉलेजच्या मॅडमना. माझ्यासारखे सहा आठवडे गप्प बसू नकोस.

कुठलं हॉटेल कसं, याचाही थोडा विचार कर. दक्षिणेतले मोबोर, वार्का, बाणावली, आरोशी, माजोर्डा या पट्ट्यातले मोठे रिसॉर्ट विस्तीर्ण असतात, पाहुणा चार-पाच दिवस राहतो, तेव्हा हाउसकीपिंग आणि पाहुण्याशी बोलणं तिथे छान शिकायला मिळतं. बांबोळी, दोनापावलाकडच्या मोठ्या हॉटेलांत लग्नं आणि कॉन्फरन्स जास्त, तिथे बॅन्क्वेट कसं उभं राहतं ते कळतं, पण तिथेच अडकण्याचा धोकाही जास्त. पणजीतल्या शहरी हॉटेलात पाहुणा एक रात्र राहतो, त्यामुळे फ्रंट ऑफिसचा हात पटकन बसतो. कांदोळी-सिकेरीत सगळ्याची सरमिसळ. लहान बुटीक हॉटेलात शेफ स्वतः शेजारी उभा राहून शिकवतो, हे मी पाहिलंय, पण कॉलेजं बहुतेक वेळा चारही विभाग असलेलं ठरावीक दर्जाचं हॉटेलच मान्य करतात. ते आधी विचारून घे.

मुलाखत फार लांब नसते. स्वतःबद्दल सांग, हॉटेल लाइन का, आणि आमच्या हॉटेलबद्दल काय माहीत आहे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुलं अडतात. खोल्या किती, रेस्टॉरंटं कोणती, हे वेबसाइटवर आहे, ते पाठ कर. पण थोडं पलीकडचंही वाच. सिकेरीचं ताज 1974 साली ज्या आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून उभं राहिलं तो किल्ला पोर्तुगीजांनी 1612 मध्ये पुरा केला; 1983 साली राष्ट्रकुल परिषदेसाठी भारतात आलेले नेते तिथेच विश्रांतीला उतरले होते. पणजीतलं मांडवी हॉटेल 1952 साली, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी बांधलं गेलं. गोव्यातल्या मुलीला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. परराज्यातून आलेली मुलं तुझ्यापेक्षा फाडफाड इंग्रजी बोलतील. त्यांना ही जमीन माहीत नाही, ती तुला माहीत आहे.

इंग्रजीचं भय तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मेलच्या भाषेत ते दिसतंय. अवघड शब्द सोड. सावकाश, छोट्या वाक्यांत बोल. गोव्यात येणाऱ्यांत देशी पाहुणेच बहुसंख्य आहेत, त्यात मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावचे कितीतरी. सकाळच्या नाश्त्याला एखाद्या आजींना ‘साबुदाण्याची खिचडी आहे, आणू का?’ असं मराठीत विचारणारी मुलगी मॅनेजरच्या लक्षात राहते. कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा बायोडेट्यात ठळक लिही.

किचनमध्ये बीफ-पोर्क. हे विचारलंस ते बरं केलंस, कारण पुष्कळ मुली हे विचारत नाहीत आणि पहिल्या दिवशी बुचरीच्या, म्हणजे मांस कापायच्या खोलीच्या, दारात रडतात. खाण्याची सक्ती तुला कोणी करू शकत नाही. हाताळण्याबद्दल मात्र आधी स्वतःशी ठरव: कापणं जमणार नाही, की बघणंही जमणार नाही? जे असेल ते किचनच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर नाही, शेफना बाजूला घेऊन शांतपणे सांग. आजवर ज्या शेफांबरोबर मी काम केलं त्यांतल्या एकानेही अशा मुलीला हिडीसफिडीस केलेलं मला आठवत नाही. बेकरी, इंडियन सेक्शन, गार्द मांजे म्हणजे थंड पदार्थांचं किचन, अशी फिरवाफिरव ते करतात. पण पुढे शेफच व्हायचं असेल, तर मांसाचे कट ओळखणं, निदान उभं राहून बघणं, तुला टाळता येणार नाही. बहुतेक कॉलेजांचा अभ्यासही तेच मागतो.

आणि तुझ्याकडे द्यायला काय आहे ते विसरू नकोस. गोव्याच्या हॉटेलांत शाकुती, काफ्रियाल, रेशाद सगळ्यांना येतं. तुझ्या सत्तरीच्या घरातलं खतखतं, आंबाड्याचं सासव, मणगणं फार थोड्यांना येतं. आमच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये एकदा बांगड्याची आमटी कडू झाली. परप्रांतातल्या शेफने तिरफळ बियांसकट वाटून घातलं होतं. एका पेडण्याच्या ट्रेनी मुलाने हळूच सांगितलं, “शेफ, काळं बी काढून टाकायचं, साल तेवढी ठेचून शेवटी घालायची, वाटायची नाही.” दुसऱ्या दिवशी शेफने त्यालाच ती आमटी करायला दिली, आणि आठवड्याभरात तो गोवन बुफेच्या काउंटरला उभा होता. तुलाही असं काही ठाऊक असणारच.

हाउसकीपिंगचं थोडं सांगते, कारण तो माझा विभाग आणि मुली त्यालाच नाक मुरडतात. एका रूम अटेंडंटच्या वाट्याला दिवसाला साधारण 14-15 खोल्या येतात. तिच्याबरोबर आठवडाभर फिर. चादरीचा कोपरा गादीखाली पाकिटासारखा कसा दुमडायचा, कुठल्या रंगाचं फडकं कमोडला आणि कुठलं आरशाला, चेकआऊटच्या खोलीत आधी काय बघायचं, हे ती तुला दाखवेल, सुपरवायझर नाही. तिला ताई म्हण, तिच्याबरोबर जेव. आणि एक नियम मोडू नकोस: खोली साफ करताना दार उघडं, दारात ट्रॉली आडवी. आत पाहुणा असेल तर ‘नंतर येते’ म्हणून परत फिर. कोणी आत बोलावलं, जवळ आलं, नको ते बोललं, तर खुलासा देत बसू नकोस, बाहेर ये आणि फ्लोअर सुपरवायझरला फोन कर. वरिष्ठाकडून तसं झालं तरी तेच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात ट्रेनीलाही कर्मचारी धरलं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायची असतात. पहिल्या दिवशी तो कागद शोध आणि फोनमध्ये फोटो काढून ठेव.

फ्रंट ऑफिसला सुरुवातीला काउंटर देणार नाहीत, फायली देतील. त्या मन लावून बघ. परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट-व्हिसा तपासून त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवावी लागते, आपल्याकडे त्याला अजून सी-फॉर्मच म्हणतात, आणि गोव्यात हे काम रोजचं. ते नीट करणाऱ्या ट्रेनीला पुढे काउंटरला उभं करतात. लॉगबुक, म्हणजे ट्रेनिंगची रोजची नोंदवही, रोज रात्री लिही, आणि विभाग बदलायच्या आदल्या दिवशी त्या विभागप्रमुखाची सही घे. पंधरा दिवसांनी गेलीस तर तो माणूस सुट्टीवर असतो नाहीतर नोकरी सोडून गेलेला असतो.

फिटनेस सर्टिफिकेट आणि टायफॉइडची लस लागेल, अन्न हाताळणाऱ्यांसाठी ते बंधनकारक आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी कर. आधार, गुणपत्रिका, फोटो यांच्या चार-चार प्रती काढून ठेव. नाताळात सुट्टी मिळणार नाही, शिगम्याला एखादा दिवस मागितलास तर कदाचित मिळेल.

आता बाबा. ते चुकीचं बोलत नाहीत. वाळपईची मुलगी रात्री 11 वाजता कांदोळीत ड्यूटी संपवून घरी कशी येणार, हा प्रश्न बापाला पडायलाच हवा. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, भरवशावर तू ते करू शकत नाहीस, आणि पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून रात्रीचं एवढं अंतर जाऊ नयेस असं मीही म्हणेन. म्हणून हॉटेल निवडताना हा प्रश्न एचआरला तूच विचार: मुलींचं हॉस्टेल आहे का, वॉर्डन आहे का, दुसरी शिफ्ट संपल्यावर स्टाफची गाडी हॉस्टेलच्या दारापर्यंत जाते की नाक्यावर सोडते, ब्रेक शिफ्ट असेल तर मधल्या चार तासांत मुली कुठे बसतात. ट्रेनी मुलींना बऱ्याच ठिकाणी पूर्ण रात्रपाळीला लावत नाहीत, पण हे गृहीत धरू नकोस, लेखी घे. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत ते हॉटेल सोडून दे, नाव कितीही मोठं असो.

आणि हॉटेल पक्कं झालं की एक कर. बाबांना एका रात्री साडेदहाला त्या हॉटेलच्या स्टाफ गेटसमोर घेऊन जा. लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. पावणेअकराला गाडी येऊन लागेल. अकराच्या सुमाराला मुली बाहेर पडतील, कोणाचा अंबाडा सुटलेला, कोणाच्या हातात चपला, कोणी घरी फोन करतेय. सिक्युरिटी वहीत त्यांची वेळ लिहील, ड्रायव्हर डोकी मोजेल, गाडी निघेल. बाबांना ते सगळं बघू दे. घरी येईपर्यंत तू काही बोलू नकोस, ते स्वतःच काय विचारतात ते ऐक, आणि मला कळव.